डेल शॅनन ऐकायचा कसा: सिंगल, आवृत्त्या आणि योग्य क्रम

अमेरिकी गायक डेल शॅननचं नाव निघालं की बहुतेकांना १९६१ चं ‘रनअवे’ आठवतं आणि गोष्ट तिथेच संपते. गाणं थोर आहे, यात वाद नाही. पण त्याच्या रेकॉर्ड १९६१ पासून १९९० मध्ये त्याचा मृत्यू होईपर्यंत आणि त्यानंतरही निघत राहिल्या. हा सगळा प्रवास ‘बेस्ट ऑफ’ संग्रहातून हाती लागत नाही. संग्रहात गाणी गाजल्याच्या हिशोबाने लावलेली असतात, मधली चार-पाच वर्षं सरळ गाळलेली असतात आणि स्वस्तातल्या संग्रहात तर मूळ ध्वनिमुद्रणसुद्धा नसतं. साठच्या दशकातला पॉप-रॉक गायक सिंगलवर, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या रेकॉर्डवर, जगायचा. एलपी, म्हणजे बऱ्याच गाण्यांची मोठी रेकॉर्ड, बहुतेक वेळा गाजलेल्या सिंगलच्या मागून यायची. म्हणून हा गायक सिंगल धरून, ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने ऐकायला हवा.

आधी तक्ता

वही घ्या किंवा स्प्रेडशीट उघडा. रकाने असे ठेवा: ध्वनिमुद्रणाची तारीख, प्रकाशनाची तारीख, कंपनी, निर्माता, गीतकार-संगीतकार, लोकप्रियतेच्या यादीतला अमेरिकेतला क्रमांक, ब्रिटनमधला क्रमांक, आणि शेवटी ‘कोणती आवृत्ती’. हा शेवटचा रकाना सुरुवातीला फालतू वाटतो, पुढे सर्वांत उपयोगी तोच पडतो.

काळाच्या खुणा म्हणून कंपन्यांची नावं वापरा. १९६१ ते ६३ बिगटॉप, ६३ च्या उत्तरार्धात थोडे दिवस बर्ली, ६४ पासून एमी, ६६ पासून लिबर्टी आणि सत्तरच्या दशकात युनायटेड आर्टिस्ट्स. ब्रिटनमध्ये सुरुवातीच्या रेकॉर्ड ‘लंडन’ या लेबलवर निघाल्या. कंपनी बदलली की निर्माता, वादक, स्टुडिओ आणि पर्यायाने ध्वनीही बदलतो, त्यामुळे लेबल बघूनच रेकॉर्ड कुठल्या टप्प्यातली आहे हे कळतं. मधलं बर्ली हे त्याचं स्वतःचं लेबल. व्यवस्थापक आणि बिगटॉपशी बिनसल्यावर त्याने ते काढलं आणि नाव ठेवलं आईवडिलांच्या नावांवरून, बर्ट आणि लिओन. त्यावर दोनच सिंगल निघाले. मोठी कंपनी मिळेना, म्हणून तो पुन्हा त्याच व्यवस्थापकांकडे गेला आणि त्यांनी त्याला एमीवर आणलं. तक्त्यात ही ओळ गाळली तर ६३ आणि ६४ मधला खड्डा कशाचा, हे समजत नाही.

तक्ता भरताना तीन ठिकाणी हमखास चुका होतात. पहिली जन्मवर्षाची. त्याचं खरं नाव चार्ल्स वीडन वेस्टओव्हर, जन्म ३० डिसेंबर १९३४, ग्रँड रॅपिड्स, मिशिगन. जुन्या संदर्भांत १९३९ सापडतं. ते धरलं तर १९५४ मधली सैन्यभरती पंधराव्या वर्षी झाली असं निघतं, आणि एवढ्यावरूनच ते चूक ठरतं. दुसरी चूक क्रमांकांची. अमेरिकेत ‘बिलबोर्ड’ आणि ‘कॅश बॉक्स’ या साप्ताहिकांच्या याद्या वेगळ्या होत्या. ब्रिटनमध्ये १९६९ पर्यंत सर्वमान्य अशी एक यादी नव्हती, वेगवेगळी साप्ताहिकं आपापली यादी छापत. एका रकान्यात एकाच यादीचे आकडे ठेवा, नाहीतर तुलना फसते. तिसरी चूक दोन देश एकत्र करण्याची. ‘हे! लिटल गर्ल’ ब्रिटनमध्ये २ ऱ्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत ३८ वर अडकलं. रॉजर मिलरने लिहिलेलं ‘द स्विस मेड’ १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये २ ऱ्यावर होतं, तर अमेरिकेत पहिल्या पन्नासातही नव्हतं. फक्त अमेरिकी आकडे पाहिले तर १९६२ मध्ये तो संपल्यासारखा दिसतो, ब्रिटनमध्ये मात्र त्याच वर्षी तो जोरात होता.

‘रनअवे’ चार वेळा ऐका, दर वेळी वेगळ्या गोष्टीसाठी

या गाण्याला घाई करू नका. २१ जानेवारी १९६१ रोजी न्यूयॉर्कच्या बेल साउंड स्टुडिओत ते मुद्रित झालं, बिगटॉपने ते ४५-३०६७ या क्रमांकाने काढलं आणि एप्रिल-मे मध्ये ते चार आठवडे बिलबोर्डच्या अव्वल स्थानावर होतं. ब्रिटनमध्येही पहिलं आलं.

पहिल्या वेळी फक्त कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, ऐका. बॅटल क्रीकच्या हाय-लो क्लबमध्ये शॅननचा बँड वाजवायचा. तिथे कीबोर्डवादक मॅक्स क्रूकने ए मायनरवरून जीवर उडी मारली, शॅननला ती चाल आवडली आणि गाणं तिथून उभं राहिलं. कडव्यात ए मायनर, जी, एफ, ई अशी उतरती माळ आहे. ध्रुवपदात एकदम ए मेजर येतो आणि एफ शार्प मायनरशी आलटून पालटून चालतो. मायनरमधून त्याच स्वराच्या मेजरमध्ये जाण्याने गाणं उजळतं, शब्द मात्र पावसात एकटं चालण्याचेच राहतात. गाण्याची सगळी ताकद या विसंगतीत आहे.

गिटारवर सोबत वाजवायला बसलात की एक अडचण येईल: रेकॉर्डशी सूर जुळणार नाही. रेकॉर्ड बी फ्लॅट मायनरमध्ये ऐकू येते. ध्वनिमुद्रणानंतर टेपचा वेग वाढवला होता, म्हणून सूर वर सरकला आणि आवाजही जरा पातळ, कोवळा झाला. उपाय साधा आहे. कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) पहिल्या पट्टीवर लावा आणि ए मायनरचेच आकार धरा. तरीही सूर थोडा वर किंवा खाली राहिला तर तुमच्या टर्नटेबलचा वेग तपासा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

दुसऱ्या वेळी मधला वाद्यखंड. तो गिटारचा नाही आणि ऑर्गनचाही नाही, ते आहे म्युझिट्रॉन. क्लॅव्हिओलाइन नावाचं छोटं इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेऊन क्रूकने त्यात स्वतः जोडकाम करून ते बनवलं होतं. हे वाद्य एका वेळी एकच स्वर काढतं. म्हणून त्या खंडात कॉर्ड नाहीत, एकच चपळ रेघ धावते आणि स्वर मधेच वाकतात. आज सिंथेसायझरवर तो खंड वाजवायचा असेल तर मोनो मोड (एका वेळी एकच स्वर) घ्या, स्वर वाकवणारं पिच बेंड हाताशी ठेवा आणि रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, मोजकाच लावा. पॉलिफोनिक मोडमध्ये स्वर एकमेकांवर चढतात आणि खंडाची धार जाते.

तिसऱ्या वेळी आवाज. पोटातून निघणारा दणकट स्वर अचानक फॉल्सेटोत, म्हणजे पातळ, उंच, कृत्रिम आवाजात, उडतो आणि परत खाली येतो. ही उडी लक्षात ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यात तिचं काय झालं हे पाहिलं की गायक कळत जातो. चौथ्या वेळी गाणं सरळ ऐका, काही शोधू नका.

मूळ आवृत्ती ओळखणं

इथे सर्वांत जास्त लोक फसतात. ‘रनअवे’ त्याने १९६७ मध्ये लंडनमध्ये नव्याने गायलं, १९७३ च्या ‘लाइव्ह इन इंग्लंड’ एलपीत ते थेट कार्यक्रमातलं आहे आणि १९८६ मध्ये ‘क्राइम स्टोरी’ या टीव्ही मालिकेसाठी बदललेल्या शब्दांसह पुन्हा मुद्रित झालं. संग्रह आणि स्ट्रीमिंगवर या आवृत्त्या बऱ्याचदा नुसत्या ‘रनअवे’ नावाने असतात.

ओळखायला हा क्रम वापरा. आधी मधला खंड ऐका: म्युझिट्रॉनची किणकिणती रेघ नसून तिथे वाद्यवृंद, ब्रास किंवा चकचकीत आधुनिक सिंथ असेल तर ती मूळ आवृत्ती नाही. मग ट्यूनर लावून सूर पाहा, बी फ्लॅट मायनर आहे का. मग लय: १९६७ ची आवृत्ती स्पष्टपणे संथ आणि भरजरी आहे. शेवटी ड्रमचा आवाज: ड्रम डाव्या-उजव्या बाजूला रुंद पसरलेले आणि स्वच्छ असतील तर ते ६१ चं नसणार. प्रकाशनहक्काच्या चिन्हापुढच्या वर्षावर एकट्यावर विसंबू नका. तिथे संग्रहाचं वर्ष टाकलेलं सर्रास दिसतं.

दुसरा सापळा म्हणजे बनावट स्टिरिओ. मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज असलेली) टेप घेऊन एका बाजूला खर्ज आणि दुसऱ्या बाजूला तार स्वर ढकलायचे, कधी एका बाजूला किंचित उशीर द्यायचा, आणि वेष्टनावर स्टिरिओ छापायचं, असा उद्योग साठच्या दशकात सर्रास चालला. हेडफोनवर आधी एक कान, मग दुसरा कान ऐका. दोन्हीकडे तीच वाद्यं, पण एकीकडे बोदी आणि दुसरीकडे चिरकी ऐकू येत असतील, तर ते बनावट आहे. अँपवर मोनोचं बटण दाबून पाहा: उशीर दिलेला असेल तर आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा होतो. शॅननच्या बिगटॉप काळासाठी मोनोच घ्या. ते मिश्रण रेडिओवर आणि ज्यूकबॉक्समध्ये घुमावं म्हणूनच केलं होतं.

मूळ ४५ वाजवायची असेल तर

४५ म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांनी वाजणारा सिंगल. अमेरिकी सिंगलचं मधलं भोक दीड इंचाचं, म्हणजे साधारण ३८ मिमी असतं. त्याला अडॅप्टर लागतो. प्लॅस्टिकची चकती सैल बसली तर रेकॉर्ड किंचित बाजूला सरकते आणि लांब ताणलेले स्वर डगमगतात. शॅननचा फॉल्सेटो तिथे लगेच उघडा पडतो. धातूचा घट्ट अडॅप्टर बरा. ब्रिटिश सिंगलला बहुधा छोटं भोक आणि निघणारा मधला भाग असतो, तो काढू नका.

वेग स्ट्रोब चकतीने तपासा. ४५ फेऱ्यांसाठी ५० हर्ट्झच्या दिव्याखाली १३३ रेघांचं वर्तुळ आणि ६० हर्ट्झखाली १६० रेघांचं वर्तुळ स्थिर दिसायला हवं. मोबाइलचा दिवा किंवा चांगला एलईडी चालत नाही, तो वीजपुरवठ्याच्या तालावर लुकलुकत नाही. वेग सुमारे ६ टक्क्यांनी चुकला की अख्खा अर्धस्वर सरकतो. ‘रनअवे’ ए मायनरमध्ये ऐकू आलं तर याच कारणाने टर्नटेबल मंद चालतंय असं समजा.

आता रेकॉर्ड कशाची आहे ते पाहा. त्या काळी अमेरिकेतले कित्येक कारखाने सिंगल व्हिनाइलऐवजी पॉलिस्टायरीनमध्ये काढत. नखाने कडेवर हलकेच टिचकी मारा: स्टायरीन कडक, उंच आवाज देतं, व्हिनाइल मंद. स्टायरीन वाकत नाही, तडकतं. वाकवून बघायच्या फंदात पडू नका. त्यावरचं लेबल बहुधा चिकटवलेलं असतं आणि सुटून येऊ शकतं. स्टायरीन झिजतं लवकर, विशेषतः बोथट किंवा तुटक्या सुईने, आणि एकदा बसलेली खरखर धुऊन जात नाही. गाण्याच्या सुरुवातीलाच जोराचा फुसफुसाट आणि पुढे आवाज स्वच्छ, असं असेल तर रेडिओवाल्यांनी गाणं लावताना रेकॉर्ड मागे-पुढे फिरवल्याची ती खूण आहे.

सुई शंकूच्या आकाराची, चांगल्या स्थितीतली घ्या. स्टायरीनवर लंबगोल सुई टाळा. दाब कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या भागाच्या) निर्मात्याने दिलेल्या मर्यादेतच, पण वरच्या टोकाजवळ ठेवा. दाब फार कमी ठेवला तर सुई खाचेत आपटत फिरते आणि नुकसान जास्त करते. हलका दाब म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज आहे. स्वच्छतेला डिस्टिल्ड पाणी, त्यात अर्ध्या लिटरला भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ कापड. खाचेच्या दिशेने पुसा, लेबल कोरडं ठेवा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा पुसा. स्टायरीनला अल्कोहोल किंवा कुठलंही सॉल्व्हंट लावू नका.

स्टिरिओ कार्ट्रिजने मोनो सिंगल वाजवत असाल तर अँपवर मोनो दाबा किंवा संगणकावर दोन्ही बाजू एकत्र करा. मोनो खाच आडवी कोरलेली असते. उभ्या हालचालीतून येणारी घरघर दोन्ही बाजू एकत्र केल्या की पुष्कळ गळून जाते. दोन्ही बाजूंपैकी एक फार झिजलेली असेल तर मात्र एकत्र करू नका, चांगली बाजू तेवढी घ्या.

कोणत्या टप्प्यावर किती थांबायचं

बिगटॉपचा काळ सलग दोन बैठकांत होतो. ‘हॅट्स ऑफ टू लॅरी’ अमेरिकेत ५ व्या क्रमांकावर गेलं, त्यात ‘रनअवे’चा साचा उघड दिसतो. ‘लिटल टाउन फ्लर्ट’ला पोचेपर्यंत म्युझिट्रॉन गेलेला आहे आणि पार्श्वगायन पुढे आलं आहे. १९६३ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तो बीटल्ससोबत एकाच कार्यक्रमात होता. त्यानंतर त्याने त्यांचं ‘फ्रॉम मी टू यू’ गायलं आणि लेनन-मॅकार्टनींचं गाणं पहिल्यांदा अमेरिकी यादीत चढलं ते त्याच्या आवाजात. क्रमांक ७७ वरच थांबला, पण बीटल्स अमेरिकेत पोचायच्या आधीची ही गोष्ट आहे.

एमीच्या काळात वेळ काढा. १९६४ च्या अखेरीचं ‘कीप सर्चिन’ अमेरिकेत ९ आणि ब्रिटनमध्ये ३ वर गेलं. त्याच्या लगोलग ‘स्ट्रेंजर इन टाउन’ ऐका. दोन्हींत पळून जाणारं जोडपं आणि पाठलाग आहे. दुसरं गाणं पहिल्याचा पुढचा भाग म्हणून ऐकलं की जास्त भिडतं. त्याच सुमाराचं ‘आय गो टू पीसेस’ त्यानेच लिहिलं, गाजलं मात्र पीटर अँड गॉर्डन या जोडीच्या आवाजात. त्याची स्वतःची आवृत्ती १९६५ च्या ‘१,६६१ सेकंड्स विथ डेल शॅनन’ एलपीवर आहे. नाव एलपीच्या लांबीवरून आहे, म्हणजे पावणेअठ्ठावीस मिनिटं. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ लावा: त्या जोडीने गाणं गोड केलं आहे, शॅननच्या गळ्यात ते मोडून पडतं.

लिबर्टीतले पहिले काही महिने भराभर उरका. त्यात दुसऱ्यांची गाजलेली गाणी बरीच आहेत आणि कंपनीला काय हवंय हे कंपनीलाच ठाऊक नसल्यासारखं वाटतं. मग १९६७ ला थांबा. लंडनमध्ये रोलिंग स्टोन्सचे निर्माते अँड्र्यू लूग ओल्डहॅम यांच्याकडे त्याने ‘होम अँड अवे’ मुद्रित केला. मोठा वाद्यवृंद, गीतकार बिली निकोल्सची काही गाणी, दाट पार्श्वगायन. काही सिंगल निघाले आणि बाकीचं कपाटात गेलं. १९७८ मध्ये ही गाणी ब्रिटनमध्ये ‘अँड द म्युझिक प्लेज ऑन’ नावाने आली, १९९१ मध्ये अमेरिकेत ‘द लिबर्टी इयर्स’ सीडीत, आणि स्वतंत्र अल्बम म्हणून थेट २००६ मध्ये. तक्त्यात ही नोंद १९६७ च्याच जागी ठेवा. १९७८ खाली टाकली तर पुढचा अल्बम कळत नाही.

पुढचा अल्बम म्हणजे १९६८ चा ‘द फर्दर अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ चार्ल्स वेस्टओव्हर’. स्वतःचं खरं नाव त्याने इथे शीर्षकात आणलं. ‘गेमिनाय’पासून सुरुवात करा. फॉल्सेटोची उडी इथे क्वचित येते, आली तर सावकाश येते. अल्बम चालला नाही. तरी त्याचा एकच अल्बम सांगायचा झाला तर हाच.

यानंतर काही वर्षं त्याचं काम दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर शोधावं लागतं. १९६९ मध्ये स्मिथ या बँडच्या ‘बेबी इट्स यू’चं संगीत-संयोजन त्याने केलं, १९७० मध्ये ब्रायन हायलंडचं ‘जिप्सी वूमन’ निर्माता म्हणून केलं आणि ते अमेरिकेत ३ ऱ्या क्रमांकावर गेलं. गायकाच्या यादीत ही नावं येत नाहीत, म्हणून तक्त्यात ‘निर्माता’ रकाना हवा असं वर म्हटलं. ‘लाइव्ह इन इंग्लंड’ पूर्ण ऐका. टेपचा वेग न वाढवता तो वरचे स्वर कसे घेतो हे त्यात कळतं.

१९८१ चा ‘ड्रॉप डाउन अँड गेट मी’ रॉक गायक टॉम पेटीने निर्मिला, साथीला त्याचा हार्टब्रेकर्स हा बँड. त्यातलं ‘सी ऑफ लव्ह’ ३३ व्या क्रमांकापर्यंत पोचलं. इथे आवाज खाली आणि जाड झालेला आहे, गिटार पुढे आहेत. ६१ च्या टेपशी तुलना करताना वाढवलेला वेग विसरू नका, नाहीतर वयाने झालेला फरक आहे त्याहून मोठा वाटेल.

शेवटी ‘रॉक ऑन!’. शॅननने ८ फेब्रुवारी १९९० रोजी आत्महत्या केली. मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांवर निर्माता जेफ लिन आणि हार्टब्रेकर्सचा गिटारवादक माइक कॅम्पबेल यांचा हात फिरून हा अल्बम १९९१ मध्ये निघाला. प्रत्येक गाण्यात शोकाची खूण शोधत बसू नका. गाणी तो जिवंत असताना, नव्या अल्बमसाठी गायलेली आहेत. तक्त्यात ध्वनिमुद्रणाच्या रकान्यात १९९० आणि त्याआधीचा काळ लिहा, प्रकाशनाच्या रकान्यात १९९१, आणि ‘कोणती आवृत्ती’ या रकान्यात ‘गायकाच्या पश्चात पूर्ण’ अशी नोंद करा.